यादीत नसलेली गोळी

श्रावणातला शेवटचा सोमवार. भोरच्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो: मार्गासनीहून आलेली माझी धाकटी जाऊ, तिचा नवरा म्हणजे माझा दीर, आणि फाईल घेऊन मी.

जावेचे डोळे पिवळे दिसत होते. मी डॉक्टरीणबाईंपुढे तिच्या औषधांची यादी ठेवली. भातलावणीपासून कंबर दुखते म्हणून ती तापाची गोळी रोज खात होती.

"दिवसाला किती?"

"दुखंल तेवढ्या."

बाई म्हणाल्या, "गोळी साधीच असते. लिव्हर ती फोडतं तेव्हा थोडं विष तयार होतं आणि लिव्हरच ते निपटतं. गोळ्या वाढल्या की त्याला निपटत नाही. हार्मोनच्या गोळ्याही तेच फोडतं. तसलं काही घेता?"

"न्हाई बा. पाळी पुढं ढकलायच्या तेवढ्या. ते काय औषध हाय व्हय?"

दीर माझ्याकडे वळला. "वयनी, तुमच्या यादीतनं कसं काय सुटलं?"

सुटलं नव्हतं. दुसऱ्या यादीत होतं. पूजा, लग्न, जत्रा, प्रत्येक कार्याच्या यादीत हळदीकुंकू, नारळ, आणि त्याखाली या गोळ्या, मीच लिहीत होते, मीच आणून देत होते.  बाईंना ते सांगितलं. त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि रक्त तपासायला घेतलं.

आता गौरी तोंडावर आल्या. यंदा जाऊ गोळी घेणार नाही, पाळी आली तर आली, हे सासूबाईंना सांगायचं आहे. गौरीच्या यादीत सर्वांत वर लिहिलंय. अजून सांगितलेलं नाही.