ठकूमावशीचं नाव

ठकूमावशीवर मी खोटा आळ घेतला, आणि घेताना माझा आवाजही कापला नाही. हे आधीच सांगून टाकतो.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात ती एकटी मासे धरून पोट भरायची. पण नदीला गढूळ पाणी आलं, की ऐन मासळीच्या दिवसांत जाळं आढ्याला टांगायची आणि पंधरा दिवस डाळीवर काढायची. पोटात अंडी घेऊन मासे तेव्हा वर, जिथे जन्मले त्या उथळ पाण्याकडे चढतात. मी एकदा चिडवलं, "मावशी, दारात चालून आलेलं सोडतेस?"

"सेक्रेटरी, तुझी बायकू बाळातपनाला म्हायेरी चालली आन् मी वाटंत आडवी बसले, तर चालंल व्हय रं?"

मी पाणीवापर संस्थेचा सेक्रेटरी. पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे पाणी अडवणारे लोखंडी ढापे काढून नदी मोकळी करणं माझं काम. त्या वर्षी उसाला अजून एक पाणी मिळावं म्हणून मी ते राहू दिले. मावशी तीनदा येऊन गेली.

"काढ की रं. पानी आल्यावर हत्तीलाबी निघायचं न्हाई त्ये."

"उद्या काढतो," मी म्हणालो. तिन्ही वेळा.

पाणी एका दुपारी आलं. ढापे जागच्या जागी आवळले. मासे उडी मारायचे, भिंतीवर आपटायचे, खाली पडून पुन्हा उडी मारायचे. लोक गोण्या, मच्छरदाण्या घेऊन धावले. कडेच्या पाण्यात उभी राहून मावशी एकटीच ओरडत होती, "पोटुशी हायेत रं, सोडा!" संध्याकाळी पाण्याने बंधाऱ्याची बाजू फोडली आणि चार जणांची जमीन नेली.

ढापे का राहिले, असं लोकांनी ग्रामसभेत विचारलं. मी म्हणालो, "ठकूबाईच म्हणाली, राहू दे, मासे गावतील."

ती दाराशीच होती. म्हणाली, "आसं व्हय, सेक्रेटरी?" बस, एवढंच. तिचं टांगलेलं जाळं दरसाल बघणाऱ्या गावाने माझं खरं मानलं. तिला नदीत उतरू देईनात. शेवटी ती सुप्याला, कंपनीत कामाला असलेल्या लेकाकडे गेली.

तीन वर्षं मी बंधारा टाळून लांबच्या पुलावरून जात होतो. मग एकदाचा सुप्याला गेलो. पत्र्याची खोली, एकच खिडकी, तिच्यासमोर दुसऱ्याची भिंत. मावशी खाटेवर बसलेली.

"हितं नळाला पानी येतं," ती म्हणाली. "कसला वास न्हाई त्याला."

मी पाया पडायला वाकलो. तिने पाय आखडून घेतले.

"खरं काय त्ये मला म्हाईत हाय. मला काय सांगतो? ज्यांच्याम्होरं बोललास, त्यांच्याम्होरं बोल. मी ऐकीन."

पुढच्या ग्रामसभेत मी तिच्या लेकाला फोन लावला, मोबाईलचा स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला. पलीकडून तिचा खोकला आला. मग आवाज, "बोल."

"ढापे काढा म्हणून मावशी तीनदा आली होती. मी काढले नाहीत. तिचं नाव मी खोटं घेतलं. मावशी, मी चुकलो. मला माफ कर."