मावशींचे न्हाणे आणि गॅसचा गिझर

गुरुवार, २१ डिसेंबर २०२३, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटे. माझी ताई न्हाणीघरातून बाहेर आली, पलंगावर आडवी झाली आणि चौथ्या मिनिटाला गाढ झोपली. तिच्या कुशीत तिचे वीस दिवसांचे बाळही झोपले. ही वेळ मी संशयाने टिपली नव्हती. रसायनशास्त्रात एम. एस्सी. केल्यापासून मला कशाचीही वेळ टिपण्याची खोडच जडली आहे.

ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे, मस्तगडच्या फ्लॅटवर आली होती. तिला न्हाऊ घालायला आईने आपल्या माहेराहून, हसनाबादहून, एक मावशी आणवल्या होत्या. त्यांचा सारा लौकिक एका गोष्टीवर उभा होता: त्यांच्या हातचे न्हाणे झाले की बाळ-बाळंतीण दुपारपर्यंत हलत नाहीत. शेजारच्या बायका ही झोप पाहायला येत, आणि त्यांतल्या दोघींनी आपापल्या सुनांसाठी मावशींना आगाऊ सांगूनही ठेवले होते.

बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा मावशींचा पहिला नियम. त्यासाठी न्हाणीघराच्या खिडकीत त्यांनी गोधडी कोंबली होती आणि दाराखालच्या फटीत चादरीची वळकटी. पाणी कडकडीत हवे, हा दुसरा. त्यासाठी आतला गॅसचा गिझर अर्धा तास अखंड चाले. पाइप कमी लागावा म्हणून फिटरने तीन वर्षांपूर्वी तो न्हाणीघरातच टांगला होता, आणि जळका वायू बाहेर नेणारी नळी त्याला कधी बसवलीच नव्हती. आजवर आम्हाला सांभाळले होते ते उघड्या खिडकीने.

त्या सकाळी मी ताईचा टॉवेल आणायला आत गेले आणि दोन मिनिटांत माझे डोके जड झाले. ताईला हलवून उठवले, तर ती म्हणाली की डोके रोजच दुखते, तिला ते जागरणाचे वाटत होते. गिझरच्या ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि मारण्यापूर्वी तो माणसाला गुंगी आणतो. मावशींच्या लौकिकात त्याचा वाटा किती, हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिला नव्हता.

आधी दोघांना डॉक्टरांकडे नेले. आईने त्यांच्यापुढेही झोपेचे कौतुक केले. ते हसले नाहीत. दोघे ठीक आहेत, पण त्या न्हाणीघरात पुन्हा असे न्हाणे नको, असे त्यांनी बजावले. घरी आल्यावर मी मावशींना ज्वलनाची क्रिया समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"तुला बी मीच न्हाऊ घातलं," त्या म्हणाल्या. "तवा तर तू येवढी शिकली."

तेव्हा पाणी अंगणातल्या चुलीवर तापत होते, हे मी निदर्शनास आणले. उपयोग झाला नाही.

माझी एक मैत्रीण एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात सुरक्षेचे काम पाहते. तिच्याकडून वायू मोजण्याचा मीटर आणला. दुपारी चार वाजता नळ सोडून गिझर पेटवला आणि न्हाणीघर मावशींकडूनच बंद करून घेतले, म्हणजे नंतर कोंबण्यात कसूर काढायला नको. आत मीटर, त्याच्यासमोर बादलीला टेकवलेला, चित्रण करणारा माझा मोबाइल, आणि माणूस कोणी नाही. पंधरा मिनिटांनी गॅलरीतल्या सिलिंडरवरूनच गॅस बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि अर्ध्या तासाने मोबाइल बाहेर काढला.

चौघी पलंगावर बसून ते चित्रण पाहू लागलो. हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग, ते मीटर दाखवत होता: शून्य, चौदा, एकसष्ट. मग मीटर किंचाळायला लागला.

"रिक्षाच्या मीटरवानी पळून राह्यलं की हे," आई म्हणाली, आणि नकळत तिने बाळाला जवळ ओढले.

आकडा दोनशे बारावर गेला.

"मंग माझ्या हातात काहीच न्हाई का?" मावशींनी विचारले. "झोप समदी त्या गॅसचीच?"

दोन कारणे एकत्र असताना कोणते किती, हे सांगता येत नाही. ती वेगळी करावी लागतात. मी तसे म्हणाले. मावशींना तो होकार वाटला की नकार, कोण जाणे.

दोन दिवस स्वयंपाकघरात तापवलेल्या पाण्याने दोघांचे नुसते अंग पुसले. शनिवारी फिटरने गिझर उघड्या गॅलरीत बसवला; आत येणार ते फक्त गरम पाणी. मग मी मावशींना गोधडी हवी तितकी कोंबण्याची मुभा दिली. त्या उत्साहाने त्यांनी गॅलरीच्या जाळीलाही चादर बांधायला घेतली. गिझर बाळंत झालेला नाही, हे मला स्पष्ट करावे लागले.

रविवारी न्हाणे झाले. मीटर आतच टांगला होता: शून्य. ताई बाहेर आली ती टक्क जागी. डोके दुखत नव्हते. तिने चहा मागितला, तो पाणचट असल्याचे सांगितले आणि लगेच दाजींना फोन लावून भांडायला घेतले. बाळाने टाहो फोडला. झोप पाहायला आलेल्या दोन्ही शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. मावशींचा चेहरा उतरला.

मग त्यांनी पाय पसरले, बाळाला पायांवर घेतले आणि त्याचे तळवे अंगठ्याने हळूहळू चोळू लागल्या. सहा मिनिटांत बाळ झोपले. मीटर मी त्याच्या उशाशीच ठेवला होता: शून्य.

"आता लिही," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "किती झोपतं ते बराबर लिही."

बाळ उठेपर्यंत कोणी मोठ्याने बोलले नाही. उठले, तेव्हा मावशींनी घड्याळ पाहिले आणि चाळीस लिहायला सांगितले. मी वहीत लिहिले: अडतीस मिनिटे.