ब्रेकची थरथर आणि आबांचा पाइप

गेल्या मंगळवारी धारगळच्या एका गॅरेजात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी मेकॅनिकच्या हातांवर पाळत ठेवून होते. डोळ्यांची पापणी लवली की हा चांगला पार्ट काढून जुना घालणार, अशी माझी खात्री...

माझा स्वभावच संशयी. भाजीवालीने एक वांगं जास्त घातलं तरी मी ते उलटून बघते.

पण या वेळी कारण होतं. मी आमोण्याहून धारगळला रोज नोकरीला येते, आणि बाजूला माझी लेक असते. तिचं कॉलेज वाटेवरच. डिचोली सोडल्यावर उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. लेक दाराचं हँडल घट्ट धरायची.

चार महिन्यांपूर्वी याच गॅरेजात ब्रेकच्या पुढच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकामागच्या लोखंडी थाळ्या, आणि त्यांना दाबणारे पॅड बदलले होते. त्याआधी मी तीन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला, नुसते पॅड घाला, थरथर जाईल. म्हापशाचा दुकानदार भोकं पाडलेल्या डिस्क गळ्यात मारायला बघत होता, रेसिंगच्या गाड्यांना असतात तशा... आमोणे ते धारगळ मी कसली रेस लावणार?

धारगळचा हा मेकॅनिक मूळ बांद्याचा. त्याने साध्या डिस्क आणि त्यांना जुळणारे पॅड सुचवले. नव्या पॅडखाली वाकडी डिस्क ठेवून काही होत नाही, म्हणाला. पटलं, तरी मी खोकी माझ्यासमोर फोडायला लावली, स्टिकर नखाने खरवडून बघितलं. जुन्या डिस्कसुद्धा घरी घेऊन आले, उगाच पॉलिश करून दुसऱ्या कुणाला विकायला नकोत! त्यातली एक आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणातल्या नळाखाली बादली ठेवायला घातली.

तीन महिने गाडी लोण्यासारखी थांबली. मग तोच उतार, तीच थरथर, आणि लेकीचा हात परत हँडलवर.

म्हणजे माल डुप्लिकेट. मी तोंडावर तसं म्हणून टाकलं. तो चिडला नाही, आणि त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

त्याने चाक काढलं, डिस्कला घड्याळासारखा एक गेज लावला आणि हाताने हळूहळू फिरवली. काटा एका जागी येऊन उडी मारायचा.

"पार्ट खोटो नाय, बाई. डिस्क वाकडी झाली हा."

पण नवी घाला म्हणाला नाही. अजून जाड आहे, लेथ मशीनवर घासून सपाट केली की चालेल, पॅड तेवढे नवे लागतील... आता हा आयतं गिऱ्हाईक का सोडतोय? मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

मग लख्ख धुतलेल्या चाकाकडे बघून त्याने विचारलं, "घराकडे गेल्यावर गाडयेर पानी कोण मारता?"

माझ्या घरात कोण काय करतं याच्याशी याला काय करायचंय, असं आधी मनात आलं. आणि दुसऱ्या क्षणी आठवलं.

आबा!

आबांनी उभी हयात खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवला. घरी आले की टिपराच्या चाकांवरची तांबडी माती धुतल्याशिवाय ते पायरी चढत नसत. बाहेरून आल्यावर पाय धुवायचे, माणसाने आणि गाडीनेही, हा त्यांचा नेम. खाण बंद झाली, टिपर गेला, नेम राहिला. संध्याकाळी माझी गाडी फाटकात शिरते तेव्हा ते पाइप धरून उभेच असतात. चाकांवर विहिरीचं गार पाणी... आणि मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे, आमच्या गाडीचे पाय रोज धुतले जातात.

तापलेल्या डिस्कवर रोज गार पाणी. ती वाकडी होणार नाही तर काय?

"तेंका धुवक नको म्हणू नका," आबांचं सांगितल्यावर मेकॅनिक म्हणाला. "अर्धो तास थांबान धुवा म्हणा. तवसर चाय घेवा."

डिस्क घासून, नवे पॅड घालून निघाले. उतारावर गाडी गुपचूप थांबली. पण घर जवळ आलं तसं मला कसंतरीच व्हायला लागलं. दिवसभरात आबांच्या हाताला तेवढं एकच काम उरलंय, त्यातही चूक काढायची?

आबा पाइप धरून उभे होतेच. मी म्हटलं, "आबा, आधी चहा घेऊया."

"कित्याक? गाडयेक कितें जालें?" संशय आमच्या घरात माझ्या एकटीचा नाही.

मग सगळं सांगितलं. ते चाकाजवळ वाकले.

"टिपराक ड्रम आशिल्ले गो. उदक भायल्या भायर वतालें," ते म्हणाले. टिपराचे ब्रेक झाकलेल्या ड्रमात, पाणी बाहेरच्या बाहेर जायचं. मग हळूच, "म्हजी नात बसता तातूंत..."

त्यांनी पाइप खाली ठेवला. मला रडूच आलं. चार महिने मी अख्ख्या गोव्यावर संशय घेत हिंडले, आणि चूक घडत होती ती आमच्याच अंगणात, मायेने. बांद्याच्या त्या माणसाने डिस्कबरोबर आबांचं कामही वाचवलं. त्याची मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.

आता संध्याकाळी आम्ही तिघं पायरीवर चहा घेतो. मध्येच आबा उठतात, चाकाजवळ हात नेऊन बघतात आणि आणखी जरा थांबायचं म्हणून परत येऊन बसतात.

"रे मात्शें. आजून गरम आसा."