पंचाच्या लेखी मी नव्हतेच

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो भाऊजींच्या इंजिनिअरिंगसाठी. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. मी जाफराबादकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन जालन्यात आले, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. हे एमआयडीसीतल्या मिलमध्ये पाळीवर जायचे, सासूबाई दुपारच्या निजायच्या आणि भाऊजी कॉलेज सोडून बाकी सगळीकडं असायचे. कॉम्प्युटरवर मी विणलेला क्रोशाचा रुमाल टाकलेला असायचा. माझा आणि त्या यंत्राचा तेवढाच संबंध.

तो वाढला लोडशेडिंगमुळं. भाऊजी इंटरनेटवर गावांचा एक खेळ खेळायचे. जगभरातले लोक त्यात. ज्याचं त्याचं एक गाव, गावाला शेतं, खाणी, कोठार, तटबंदी आणि सिपाही. कॉम्प्युटर बंद केला तरी गाव चालूच राहायचं. आपण इकडं भाकरी थापतोय, तोवर तिकडं गहू पिकायचा आणि कुणीतरी येऊन लुटूनही न्यायचा. मंग भाऊजी जाताना सांगून जायचे, "वहिनी, लाइट आली की एवढं बटन तेवढं दाबा बरं." मी आपली पदराला हात पुसून दाबायची. दाबता दाबता एक दिवस म्हणलं, "भाऊजी, मलाबी एक गाव काढून द्या की."

"तुम्हाला?" ते हसले. "काय कराल तिथं?"

"शेती करीन. दुसरं काय येतं मला?"

त्यांनी खातं उघडून दिलं. सुरुवातीला नियमांचं एक लांबलचक पान आलं. मी वाचायला घेतलं, बारावीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजी अडखळत का होईना वाचता यायचं. भाऊजींनी माझ्या हातून माउस घेतला. "हे कुणी वाचत न्हाई वहिनी. खाली जायचं, 'कबूल' म्हणायचं, झालं." आणि झालं.

गावाला मी माहेरच्या मळ्याचं नाव दिलं. हसू नका, पण सासरी आल्यापासून माझ्या नावावर झालेली ती पहिली जागा. तिथं कुठं विहीर, कुठं कोठार, हे मला कुणाला विचारावं लागायचं न्हाई. बाकीचे पोरं घाईनं सिपाही वाढवायचे आणि गहू कमी पडला की उपाशी मारायचे. मी आधी कोठार बांधलं, मग तट, मग सिपाही. घर कसं चालतं ते मला ठाऊक होतं. माझं गाव असं भरलं की भाऊजींचे मित्र विचारायचे, "ही कोण रे?" भाऊजी म्हणायचे, "हाय एक." वहिनी खेळते असं सांगायला त्यांनाही लाजच वाटत असणार.

भाऊजींचं मात्र उलटं. सिपाही रगड, कोठारात खडखडाट. संध्याकाळी येऊन कॉम्प्युटरपाशी तोंड पाडून बसायचे. मला बघवायचं न्हाई. खेळात धान्याच्या गाड्या दुसऱ्याच्या गावाला पाठवता यायच्या. मी रोज दिवेलागणीच्या आधी माझ्या कोठारातल्या गाड्या त्यांच्या गावाकडं हाकायची. सवयच ती. घरात सगळ्यांचं पान वाढून झाल्यावर जे उरेल ते आपलं, ही गोष्ट मी कधी ठरवलीच नव्हती. खेळातही ठरवली न्हाई. ते "थँक्यू वहिनी" म्हणायचे आणि मला बिलकुल काही वाटायचं न्हाई. घरातलं घरात, त्यात काय!

माझ्या टोळीत एक बाई होती. टोळी म्हणजे एकमेकांच्या मदतीला धावायचं असं ठरवलेले खेळाडू. भाऊजी दुसऱ्या, मोठ्या टोळीत होते. ही बाई मध्य प्रदेशातली, इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायची. मी तिला दीदी म्हणायची. नवऱ्याची बदलीची नोकरी, नवं गाव, ओळख कुणाची न्हाई, म्हणून दुपारी खेळायला बसायची. आधी आम्ही तटाचं, सिपायांचं लिहायचो. मग एकदा तिनं विचारलं, "आज क्या बनाया?" मी त्या प्रश्नाकडं बघतच राहिले. मी काय केलंय ते माझ्या घरात सगळ्यांना ताटात दिसायचं, पण विचारलं कुणी नव्हतं.

एकदा तिनं न मागता मला लोखंडाच्या गाड्या पाठवल्या. तुझ्याकडं कमी दिसतं, म्हणाली. माझा जीव खालीवर. शेजारणीनं डबा भरून दिला तर तो रिकामा परत करायचा असतो का? मी ते लोखंड तसंच माघारी धाडलं, वर दुप्पट गहू घातला. तिनं लिहिलं, "पागल है क्या?" मी लिहिलं, "मेरे पास बहुत है." खोटंच. त्या दिवशी भाऊजींना गाड्या पाठवल्यावर माझे थोडे सिपाही उपाशी मेले.

आणि मग तिच्या गावावर संकट आलं. शेजारच्या एका दांडग्या टोळीनं कळवलं होतं, रविवारी दुपारी येतो, गाव सपाट करतो. त्या गावात तिनं सगळा उन्हाळा घातला होता. आमच्या टोळीतले बाकीचे कुणी परीक्षेला गेलेले, कुणी गप्प. मी लिहिलं, "दीदी, मेरे सारे सिपाही आएँगे. पक्का." तिनं लिहिलं, "तू है तो डर नहीं." असं मला कुणी म्हणलेलं नव्हतं. मी त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

रविवार यायच्या आतच माझं गाव बंद झालं. गुरुवारी दुपारी लाइट आली, मी बसले, तर आत जाता येईना. तांबड्या अक्षरांत सूचना: तुमच्या खात्याबद्दल तक्रार आहे, पंचाला उत्तर द्या. पंच म्हणजे खेळाचे नियम सांभाळणारा, कुठला कोण माहीत न्हाई. आमच्याकडं पंच म्हणजे चार माणसांत उभं करणार.

भाऊजी आले, त्यांनी वाचलं आणि त्यांचंही तोंड उतरलं. एका घरातले दोघं खेळले तर चालतं, पण आधी कळवायचं आणि एकमेकांना माल पाठवायचा न्हाई, असा नियम होता. दुसऱ्याला पोसायला म्हणून गाव काढणं ही तर चोरीच. त्या वगळलेल्या पानावर सगळं होतं.

"असं लिहा वहिनी," भाऊजी म्हणाले, "मी औरंगाबादला राहते, या मुलाला ओळखत न्हाई."

"आन् मी कुठं बसून लिवू राह्यले ते त्यांना दिसत न्हाई का?"

"मंग काय लिवता?"

"खरं तेच."

मी शब्दकोश घेऊन बसले. लिहिलं की मी खरी बाई आहे, हे माझं स्वतःचं गाव आहे, तो माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ आहे, नियम वाचला न्हाई ही चूक झाली, शिक्षा करा पण रविवारच्या आधी गाव उघडा, मी एकीला शब्द दिला आहे. इंग्रजी कसं होतं देव जाणे. लिहून झाल्यावर मला वाटलं, कुणीही वाचलं तर कळेल की हे माणसानं लिहिलंय.

पंचाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. उर्मट नव्हतं, तेच जास्त लागलं. त्यानं लिहिलं होतं: तुमच्या गावातून रोज एकाच गावाला धान्य गेलं आहे. खरा खेळाडू देतो तसं घेतोही. तुम्ही कधी कुणाकडून काही घेऊन ठेवलं असेल, तर एक उदाहरण सांगा.

मी आठवायला बसले. समोर पिठाची परात, हात तसेच. भाऊजींकडून? न्हाई. टोळीकडून? मी 'नको, आहे माझ्याकडं' म्हणायची. दीदीचं लोखंड! एकदम उठलेच मी. आणि मग आठवलं, ते मी माघारी धाडलं होतं, वर गहू घालून. खेळातलं सोडा म्हणलं, घरातलं तरी एखादं आठवावं, स्वतःची समजूत म्हणून. तेही पटकन आठवेना. मला अशी लाज वाटली म्हणता! चोरी केल्याची नव्हे. एवढी मोठी बाई, आणि सांगायला एक उदाहरण न्हाई.

तरी मी लिहिलं, "आमच्याकडं असंच असतं."

शनिवारी निकाल आला. भाऊजींच्या गावातली काही घरं पाडली, बाकी गाव शाबूत. माझं गाव नकाशावरून काढून टाकलं. कारण दिलं होतं: हे खाते स्वतंत्र व्यक्तीचे नाही. तेच कारण खेळाच्या जाहीर पाटीवर सगळ्यांना दिसेल असं लावलं, भाऊजींच्या खात्याच्या नावाखाली.

मी मोरीत जाऊन रडले. सासूबाई उठून आल्या. "काय झालं गं? माहेराहून फोन आल्ता का? कुणाला काय झालं?" मी मान हलवली. काय सांगू? गाव गेलं म्हणू? कोणतं गाव? त्या घाबरून पाठीवर हात फिरवत राहिल्या आणि मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. संध्याकाळी ह्यांना कळलं. "खेळासाठी रडायली तू? लहान हाय का?" बरोबरच होतं त्यांचं. मीही दुसऱ्या कुणाला तेच म्हणाले असते.

पण रविवार राहिला होता. सकाळी चहा देताना मी भाऊजींना म्हणलं, "भाऊजी, एक मागू का?"

ते चमकले. "काय वहिनी?"

"दीदीच्या गावाला तुमचे सिपाही पाठवा. आजच्या दिवस फक्त. माझ्याच गव्हावर वाढलेत ते."

त्यांनी कप खाली ठेवला. वाईट माणूस न्हाई हो, आजही न्हाई. पण म्हणाले, "वहिनी, माझ्यावर आत्ताच नजर हाय त्यांची. माझी टोळीबी दुसरी. उगं पुन्हा संशय यील." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "खेळच तर हाय."

दुपारी त्यांच्या खात्यातून मी नकाशा बघत बसले. दीदीचं गाव होतं, मग तिथं नुसती हिरवी जागा राहिली. एवढंच दिसतं त्यात. ना धूर ना आवाज.

थोड्या वेळानं भाऊजींच्या खात्यात निरोप आला, दीदीचा. त्यांना तो नीट कळेना, म्हणून मलाच हाक मारली. तिनं पाटी वाचली होती. लिहिलं होतं, "तो वो तुम थे. लड़का होकर औरत बनके बात करते रहे. मैं अपने घर की बातें तुम्हें बताती रही. शर्म नहीं आई?"

भाऊजींचे कान लाल झाले. "मी सांगतो तिला, वहिनी, मी तो न्हाई म्हणून."

"तुम्ही सांगून काय? तुमचंच खातं, तुमचंच लिवणं."

ते उठून गेले. मी खुर्चीत बसले आणि लिहिलं, "दीदी, मैं सच में हूँ. मैं ही थी." वर बघितलं, तर निरोप पाठवणाऱ्याचं नाव भाऊजींचं. पुढं लिहिलं, आज मेथी केली होती, तुला विचारायचं होतं. वाचून बघितलं. एखाद्या पोरानं बाई बनून लिहावं, तसंच दिसत होतं ते सगळं. जितकं खरं लिहीन तितकं खोटं वाटणार. मी एकेक अक्षर पुसलं. तिचा फोन, पत्ता, खरं नाव, काहीच माझ्याकडं नव्हतं. कधी मागितलंच नव्हतं. कॉम्प्युटर बंद केला, रुमाल टाकला.

रात्री सगळे जेवायला बसले. मीही बसले, ह्यांच्या शेजारी, स्वतःचं ताट वाढून. असं मी एरवी करत नसे. सासूबाईंनी बघितलं, पण सकाळपासून माझे डोळे सुजलेले म्हणून काही बोलल्या न्हाईत. मी पहिला घास मोडला.

"वहिनी, भाकर," भाऊजी म्हणाले. टोपली त्यांच्या हातापासून वीतभर होती.

मला एवढी लाज वाटली, एवढी लाज वाटली, की काय सांगू. त्यांची न्हाई. घास ताटात ठेवून मी उठले होते, त्याची.