लोटत नाही, चालवत नेईन

देवळीच्या कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं मिस्त्री होतो, ती नव्वदनंतर बंद पडली. मशिनी, पट्टे, वजनकाटे, सगळं भंगारवाल्याने आठ दिवसांत उचललं. राहिली ती एक गाडी, सरकीच्या गोदामात, फाटक्या बारदानाखाली. मोठ्या मालकांनी तरुणपणी मुंबईहून आणलेली विलायती गाडी. दोनच शिटा, वरून उघडी, लांब बॉनेट, सायकलीसारखी तारांची चाकं. मालक होते तोवर ती धुण्याचं काम माझं होतं. स्टेअरिंग पुसलं, पण धरलं कधी नाही. मालक वारले आणि गाडी गोदामात गेली, ती तिथेच बसून राहिली.

मालकांचा मुलगा म्हणाला, "मिस्त्री, उद्या हे पण जाते."

मी म्हणालो, "भाऊ, हे मले द्या."

"काय करान तुम्ही तिचं? कोंबड्या बसवान?"

बाजूला भंगारवाल्याची माणसं होती, हमाल होते, दिवाणजी होते. सगळे हसले. माझ्यावर कोणी हसलेलं मला लहानपणापासून चालत नाही. मी म्हणालो, "चालू करीन आणि ह्याच गेटातून चालवत बाहेर नेईन. लोटत नेणार नाई. नाई चालली तर तुमच्यासमोर मीच भंगारात टाकीन."

जागा विकली गेली होती, पण नवा मालक ताबा घेणार होता पुढचा सोडून त्याच्या पुढच्या गुढीपाडव्याला. तोपर्यंत गोदाम उभं राहणार होतं. मुलगा म्हणाला, "ठीक आहे, त्या पाडव्यापर्यंत तुमची."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "गोदाम त्याईचं, गाडी त्याईची, अन् जबान तेवढी तुमची."

बारदान काढलं तेव्हा कळलं मी काय बोलून बसलो ते. शिटांमध्ये उंदरांची घरं होती. दार उघडलं ते बिजागरीसकट हातात आलं. ह्या गाड्यांच्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो, हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लाकूड म्हणजे नुसता आकार होता, आत उधईची, म्हणजे वाळवीची, माती. इंजिन जाम. मी चारही प्लग काढले, भोकांत रॉकेल आणि ऑईल ओतलं, आणि रोज सकाळी मोठा पाना लावून पुढे-मागे, पुढे-मागे. अठराव्या दिवशी ते बोटाच्या पेराएवढं हललं. मी कोणाला सांगितलं नाही. घरी येऊन एक भाकर जास्त खाल्ली.

लाकडासाठी आंजीचा एक सुतार धरला. त्याचा सारा जन्म बैलगाड्या बनवण्यात गेलेला. गाडीभोवती दोन चकरा मारून तो म्हणाला, "हे तर रेंगीच आहे, मिस्त्री. बैल तेवढे दिसून नाई राह्यले."

"बैल समोरच्या डब्यात आहेत. तू साटा बनव."

त्याने जुन्या सागाचा साटा, म्हणजे आतला सांगाडा, बनवला, असा की एक खिळा मारावा लागला नाही. चाकांच्या तारा सायकलवाल्याने ओढल्या. हे सगळं होण्यात वर्ष गेलं. पण पुढे माझं अडलं. इंजिनाला दोन कार्बोरेटर होते आणि माझं सारं आयुष्य डिझेलमध्ये गेलेलं. उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दोन महिने तेच.

पेपरात एकदा नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीचा फोटो आला होता. मी एक कार्बोरेटर धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि एस.टी.ने नागपूरला गेलो. जुन्या पार्टच्या बाजारात विचारत विचारत गेलो तर एकाने सांगितलं, ह्यातला वेडा माणूस म्हणजे अमुक गल्लीतले दाताचे डॉक्टर. दवाखान्यात बारा माणसं गाल धरून बसली होती. मीही नंबर लावून बसलो. माझा नंबर आला तसं डॉक्टर न बघताच म्हणाले, "बसा, आ करा. कोणती दाढ?"

मी फडकं सोडून कार्बोरेटर त्यांच्या त्या चकचकीत तबकात ठेवला. म्हणालो, "दाढ नाई. हे दुखून राह्यलं."

त्यांनी चष्मा वर केला. कार्बोरेटर उचलला, उलटा केला, फुंकर मारली. माझ्यामागून आलेल्या माणसांना त्या दिवशी अर्धा तास जास्त दुखणं सोसावं लागलं.

पुढच्याच रविवारी डॉक्टर देवळीला आले. सोबत वर्ध्याचा एक माणूस, रेल्वेतून रिटायर झालेला फिटर, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्या घरी जुनी फटफटी होती आणि तिच्याशी तो बायकोपेक्षा जास्त बोलायचा, असं डॉक्टरच सांगत. तेव्हापासून दर रविवारी दोघं यायचे. डॉक्टर कार्बोरेटर पाहायचे, फिटर ब्रेक पाहायचा, आणि मी हे दोघं काही चुकतात का ते पाहायचो.

एका रविवारी डॉक्टरांनी एक जाड पुस्तक दिलं, झेरॉक्स केलेलं. ह्याच गाडीचं पुस्तक, त्यांनी कुठूनतरी लांबून, त्यांच्यासारख्याच एका माणसाकडून मिळवलेलं. म्हणाले, "वायरिंगच्या पानावर लाल रेघ मारली आहे. बॅटरी जोडण्याआधी ते नीट वाचा. इंग्रजी आहे, चालेल ना?"

मी म्हणालो, "बावीस वर्षं मशिनी हाताळल्या, डॉक्टरसाहेब."

ते समाधानाने हसले. मी काय उत्तर दिलं आणि काय दिलं नाही, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. मराठी वाचतो, अडखळत लिहितो. इंग्रजीतलं मला फक्त मापं कळतात. पण जिनिंगमध्ये लोक मला विचारून पाना उचलत होते. अशा माणसाने नागपूरच्या डॉक्टरला आणि रेल्वेच्या फिटरला सांगायचं की मला वाचता येत नाही? पुस्तक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी फळीवर ठेवलं. बायको म्हणाली, "रोज हळदकुंकू वाहात जा त्याले. कळलं तर तसंच कळन."

पाडव्याला तीन महिने राहिले असतील. मला वाटलं, हे दोघं रविवारी येतील तेव्हा गाडी त्यांच्यासमोर धडधडत असली पाहिजे. शुक्रवारी मी ओळखीच्या एका ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. जशी ट्रॅक्टरला लावतात तशी लावली: मायनस बॉडीला, प्लस स्टार्टरच्या वायरीला. साऱ्या जगात तशीच लावतात. पेट्रोल टाकलं, बटन दाबलं, आणि ती सुरू झाली. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच झटक्याला. मी एकटा होतो. मी थोडी रेस दिली. आणखी थोडी दिली. आणि डॅशबोर्डाखालून धूर आला. बॅटरी काढेपर्यंत डायनॅमोची वीज बॅटरीला सोडणारी कटआऊटची डबी वितळली होती, वायरींचं आवरण उकललं होतं आणि डायनॅमोला जळक्या लाखेचा वास येत होता.

बॅटरी मी त्याच दिवशी परत केली. रविवारी डॉक्टरांनी ती डबी हातात घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "पान वाचलं होतं ना?"

"वाचलं."

"बॅटरी तशीच लावली?"

"पुस्तकात आहे तशीच लावली. पुस्तकातच चूक असंन."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणाले, "माझ्याकडच्या जुन्या गाडीची डबी काढून देतो. पण कारण सापडल्याशिवाय लावायची नाही. हीपण जळली तर तिसरी मिळणार नाही." आणि ते दोघं कारण शोधायला लागले. फिटर गाडीखाली पाठीवर झोपून एकेक वायर बोटाने चाचपत होता. संध्याकाळी बाहेर निघाला तेव्हा त्याचे केस मातीने लाल झाले होते. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तेव्हा त्याच्या डोळ्यात गंज पडला, डबा घेऊन आलेल्या माझ्या बायकोने पाणी मारून काढला. डॉक्टर म्हणाले, ज्याने पुस्तक दिलं त्याला पत्र लिहून विचारतो, पान चुकीचं छापलं आहे का. मी मान हलवली. बायको घरी एवढंच म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचा डोळा फुटला असता म्हणजे मग सांगितलं असतं का?" त्या आठवड्यात मी पुस्तक फळीवरून काढून पाहिलं. लाल रेघ दिसत होती. रेघेवर काय आहे ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी फिटर गाडीखाली शिरण्याआधी म्हणाला, "मिस्त्री, आता असं करू. मी खाली वायर धरतो, तुम्ही वरून पुस्तकातलं वाचून सांगा. डॉक्टर तिकडे पेट्रोलचा पंप पाहतील."

तो खाली गेला. मी पुस्तक उघडलं. तो खालून म्हणाला, "हं, वाचा." मी उभा होतो. तो पुन्हा म्हणाला, "वाचा ना, काऊन थांबले?"

चष्मा माझ्या नाकावर होता. नाहीतर मी चष्म्याचं निमित्त सांगितलं असतं, हे खरं. मी म्हणालो, "मले इंग्रजी येत नाई. ते पान मी वाचलंच नाई. मायनस बॉडीले लावला होता, ट्रॅक्टरसारखा."

पंपाजवळचे डॉक्टर उठून आले. माझ्या हातातून पुस्तक घेऊन त्यांनी ती लाल रेघ मराठीत वाचली. ह्या गाडीला प्लस बॉडीला लावायचा, मायनस नाही. लावला तर डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांच्या अंगावर जातात. एवढंच होतं. दोन ओळी.

फिटर गाडीखालून निघाला. इतके दिवस मला तुम्ही म्हणणारा माणूस म्हणाला, "मग दोन रविवार मले मातीत काऊन लोळवलं रे तू?" त्याने पाने पिशवीत भरले आणि चालत स्टँडवर गेला. डॉक्टरांच्या गाडीतसुद्धा बसला नाही.

डॉक्टर तेवढे मागे थांबले. ते रागावले की नाही, मला कळलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या जुन्या गाडीची डबी आणली, आणि सोबत चार कॅसेटी. पूर्ण पुस्तक त्यांनी मराठीत वाचून भरलं होतं, पेशंटच्या मधल्या वेळात. अजून आठवतं, प्लगच्या फटीचं माप सांगता सांगता मागून दात कोरायच्या मशिनचा आवाज येतो आणि डॉक्टर म्हणतात, थुंका. मी ती कॅसेट गोदामात लावून काम करत असे. घरी आणली की बायको भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा मी माप विसरलो तर चुलीपासून तिनेच सांगितलं.

डायनॅमोचं जळकं वायंडिंग वर्ध्याहून भरून आणलं. सगळं लावून झालं. बटन दाबायचं राहिलं होतं, पण मी दाबलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता कशाची वाट पाहता?"

मी कधी कोणाच्या दारात माफी मागायला गेलो नव्हतो. सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोललो नाही, तिथेही गेलो नाही. पण गुरुवारी वर्ध्याची एस.टी. धरली. फिटर अंगणात स्टोव्ह उघडून बसला होता. त्याने वर पाहिलं, पुन्हा स्टोव्हकडे पाहिलं.

"झाली का सुरू तुझी?"

"नाई. तुम्ही आल्याशिवाय बटन दाबत नाई."

"उपकार करून राह्यला का माह्यावर?"

"नाई. चूक माही होती. खोटं बोललो."

त्याने स्टोव्हची पिन घालून भोक साफ केलं, काडी लावली, ज्योत निळी झालेली पाहिली. मग आत आवाज दिला, "दोन कप मांड वो." चहा होईस्तोवर आम्ही दोघंही स्टोव्हकडेच पाहत होतो.

रविवारी तो आला, बटन दाबलं आणि गाडी लागली. पाडव्याच्या दिवशी सकाळी गेटावर पन्नास एक माणसं जमली. गाडीला रंग नव्हता, नुसता लाल प्रायमर. शिटांच्या जागी काथ्याच्या दोन गाद्या. मालकांचा मुलगा आला होता. बटन दाबलं, स्टार्टरने एक उसासा टाकला आणि गप्प झाला. कोणीतरी म्हणालं, लोटा थोडी, काय होते. दोन हमाल पुढेही झाले. मी म्हणालो, "हात लावू नका." समोर हँडल घालायची जागा होती. हँडल घातलं. पहिल्या झटक्याला काही नाही. चौथ्याला मनगट मुरगळलं. फिटर शिटवर बसून चोक धरून होता, मी थांबलो नाही. नवव्याला इंजिन लागलं. मी हँडल टाकून धावत स्टेअरिंगवर बसलो आणि गाडी गेटाच्या बाहेर काढली.

मालकांच्या मुलाने हात जोडले. एक हमाल म्हणाला, "मिस्त्रीनं एवढं मोठं इंग्रजी पुस्तक वाचलं म्हणते."

मी म्हणालो, "नाई वाचलं. डॉक्टरसाहेबांनी वाचून दाखवलं."

वर्ध्याच्या रस्त्याला लागलो. डॉक्टर त्यांच्या रोजच्या गाडीने मागे होते. जे स्टेअरिंग मी वर्षानुवर्षं नुसतं पुसलं, ते माझ्या हातात होतं, सुजलेल्या मनगटासकट. गाव मागे पडलं तशी मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं नाही, उतरलो आणि फिटरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"काय झालं?"

"सरका तिकडे. चालवा."

"मी इंजिनाच्या कामातला माणूस. आमच्या रेल्वेच्या इंजिनाले स्टेअरिंग नसते."

"सरका म्हणतो ना."

तो सरकला. मी शेजारी बसलो. त्याने गिअर टाकला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, जणू खाली रूळ टाकले आहेत, आणि तिथून ती इकडे झाली नाही की तिकडे झाली नाही. समोरून एस.टी. आली. तिने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि शेवटी तीच कच्च्यात उतरली. फिटरने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. तो चुकत होता, आणि मी काही बोललो नाही.