तिसऱ्या मजल्याच्या चढावर

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. वडील बाजार समितीत हमाल. घरातला पहिला पदवीधर मी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मेकॅनिकल इंजिनिअर झालो तो तिथल्या गुरुजींच्या कृपेने. म्हणून गाडीने जे दाखवलं तेवढंच लिहितो.

मी सिंगापूरला बुकित बातोकमध्ये एका खोलीत भाड्याने राहतो. नोकरी तुआसला, जहाजदुरुस्तीच्या कंपनीत. कंपनीने बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी दिली आहे. तीत आम्ही चौघे जायचो – पाटीलसाहेब, जोशी, सावंत आणि मी. इथे कारपूलला वेगळी लेन नाही, पण आमच्या गाडीला पाटीलसाहेबांचे नियम होते. दोन मिनिटांवर कुणासाठी थांबायचं नाही. दार आपटायचं नाही. एक्स्प्रेसवेवर दोन रांगांची एक होते तिथे "एक त्यांची, एक आपली"... समोरचा हात दाखवो न दाखवो.

कंपनीचं पार्किंग पाच मजली. मी एकटा असलो की गाडी नुसत्या बॅटरीवर, आवाज न करता वर जायची. चौघे असलो की तिसऱ्या मजल्याच्या चढावर हमखास इंजिन सुरू व्हायचं.

"सावंत, आज डब्यात भाकऱ्या किती?" जोशी विचारायचे.

"भाकऱ्या दोनच. बाकी वजन तुमच्या पोटाचं, जोशीबुवा!"

मग पाटीलसाहेब निवृत्त होऊन कोल्हापूरला गेले, जोशी पुण्याला परतले, सावंत परत जहाजावर चढले. मी उरलो. शुक्रवारी लक्षात यायचं, आठवडाभर कामाशिवाय एक वाक्य बोललेलो नाही. शेवटी राजीनामा लिहून ठेवला. पण बहिणीचं कॉलेज माझ्यावर होतं, आणि वडील गावभर माझं नाव सांगत फिरायचे... पत्र देववेना.

अशातच एका सोमवारी, गाडीत मी एकटा, बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली – आणि तिसऱ्या मजल्याच्या चढावर इंजिन सुरू झालं. मंगळवारी पुन्हा. ब्रेक लावला की गाडी भरल्यासारखी रेटत पुढे जायची. वर्कशॉपमध्ये सगळं तपासलं. बॅटरी ठीक, ब्रेक ठीक. मेकॅनिकने मलाच विचारलं, "रोज चार माणसं बसतात ना?"

सावंतांना फोन केला. ते हसत सुटले. "अरे, आम्ही तिघेही धडधाकट आहोत! जिवंतपणीच आमची भुतं करतोस होय?" मग म्हणाले, "तू जेवतोस ना नीट?"

दोन आठवडे हेच चाललं. तिसऱ्या सोमवारी पत्र द्यायचंच असं ठरवून निघालो. सिग्नलला उभा असताना काचेवर टकटक झाली. आमच्या स्टोअर्समधल्या मिसेस लिम. कंपनीची बस चुकली होती.

"यू एव्हरीडे वन मॅन, सो मेनी सीट... वेस्टफुल ला!" इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी 'ला' लागतोच.

मी अदबीने मागचं दार उघडायला लागलो, तर त्या पुढेच येऊन बसल्या. मागे बसले तर लोक तुला माझा ड्रायव्हर समजतील, म्हणाल्या. तुआसपर्यंत गुडघेदुखी, नात, शेजाऱ्याचा कुत्रा... मी फक्त "हो का?" म्हणत होतो. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या. तिसऱ्या मजल्याचा चढ आला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

काही नाही. गाडी आवाज न करता वर गेली.

पत्र दिलं नाही. "टुमारो सेम टाइम, हं?" असं त्या उतरताना म्हणाल्या होत्या, आणि उद्या कुणीतरी आपली वाट बघणार आहे हे मी दिवसभर मनात घोळवत होतो.

तेव्हा एकटा असताना गाडी जड आणि दोघे असताना हलकी – याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. वाचकांत कुणी ऑटोमोबाईलवाले असतील तर जरूर सांगावं. शनिवारी मिसेस लिमना सुट्टी असते, तेव्हा मी एकटाच जातो. तिसऱ्या मजल्यावर मुद्दाम हळू होतो. आता इंजिन सुरू होत नाही. बरं वाटायला हवं... पण मी गाडी लावून थोडा वेळ तसाच आत बसून राहतो.