म्हातारीची छत्री आणि माझी पोस्ट

आधी म्हातारीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्या फायटिंग गेममध्ये एक म्हातारी आहे. खरं नाव काहीतरी जपानी, आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात बसत नाही, म्हणून म्हातारी. हवेत तरंगणाऱ्या एका फळीवर मारामारी चालते आणि समोरच्याला खाली पाडलं की जिंकलो. पण पडलेल्याला परत वर यायला एक मूव्ह असतो, प्रत्येकाचा वेगळा. म्हातारीचा मूव्ह म्हणजे छत्री. पडता पडता ती छत्री उघडते आणि भुर्रकन वर येते. भारी दिसतं राव!

पहिल्या भागात छत्री लिफ्टसारखी सरळ वर जायची, बस. दुसऱ्या भागात ती वाटेल तिकडे वळवता यायची, इतकी की म्हातारी पडली की आम्ही चहा घ्यायला उठायचो, ही येते निवांत फिरून. मग तिसऱ्या भागात बनवणाऱ्यांनी तिचे लाड बंद केले. आता डाव्या अंगठ्याने कंट्रोलरवरची स्टिक वर ढकलायची आणि त्याच क्षणी उजव्याने बटण दाबायचं. दोन्ही एकदम. जरा मागेपुढे झालं की छत्री अर्धीच उघडते आणि म्हातारी फळीच्या कडेला लोंबकळते. तिथे कुणी उभं असेल तर विषय संपला.

माझा मित्र सातवीपासून फक्त म्हातारी खेळतो. मी कासारवाडीचा, तो तळवड्याच्या जुन्या गावातला. त्यांची जमीन कधीच प्लॉटमध्ये गेली, तिथे आता भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत, घरातले सगळे त्या भाड्यावर निवांत. ह्यालाच एकट्याला कामाला जायचं होतं.

"भाडं काय, दारात कुत्रं बसवलं तरी येतंय," तो म्हणायचा. "आमच्यात कुणीतरी हातानं काय बनवाया नको व्हय?"

चाकणच्या एका कंपनीत तो कंत्राटावर लागला. वर्षभर हेल्पर म्हणून पत्रे उचलले आणि शेवटी पत्रे दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर झाला. त्या दिवशी त्याने अख्ख्या आळीला पेढे वाटले. त्याच्या चुलत्याने पेढा खाऊन विचारलं, "मशीन घेतलं का काय रे?" तर हा म्हणाला, "न्हाई, चालवतो."

मग तो गाडीवरून घसरला. वाळूवर चाक गेलं, डाव्या हातावर पडला. त्याने कुणाला सांगितलं नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागला. मला कळलं ते गेममुळे. एका दुपारी मी त्याला सलग सात वेळा हरवलं, आणि हे आजवर कधी झालं नव्हतं!

"तुझी म्हातारी आता खरंच थकली भावा," मी म्हणालो.

"अंगठा ऐकत न्हाई," तो म्हणाला. बाही वर करून त्याने सुजलेलं मनगट दाखवलं. "डावा हात जरासा मागं राहतोय. कुणाला बोलू नको."

"येडा आहेस का, मी कुणाला बोलणार?"

हे मी बोललो होतो. माझ्या तोंडाने.

पुढच्या गुरुवारी स्पर्धा होती. इकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून आमच्या स्पर्धा गुरुवारीच. वाकडच्या एका गेमिंग कॅफेत, आणि फायनलला आम्ही दोघंच. मी प्रत्येक वेळी त्याला खाली पाडलं आणि कडेला जाऊन थांबलो. छत्री अर्धी उघडायची, मी मारायचो. तीनदा तसंच. आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धा जिंकलो! पोरं विचारायला लागली, कसं जमवलंस, कसं जमवलंस. मला राहवेना. घरी जाताना बसमध्ये उभ्या उभ्या आमच्या गेमवाल्या पोरांच्या ग्रुपवर लांबलचक पोस्ट टाकली. तिन्ही भागांतली छत्री कशी बदलत गेली, सगळं समजावून सांगितलं. आणि शेवटी लिहिलं की आपल्या भावाचं डावं मनगट गेलंय, त्याची स्टिक मागे राहते, कडेला थांबा, हमखास पडतो. वर हसणारे तीन चेहरे.

कासारवाडी येईपर्यंत मी लाइक्स मोजत होतो.

त्या ग्रुपमध्ये कंपनीत त्याच्याच लाइनवर काम करणारा एक जण होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत हसत हसत सुपरवायझरला पोस्ट दाखवली. आणि प्रेसचं आता जे सांगतो ते मला माहीत होतं, मित्रानेच कौतुकाने दहादा सांगितलं होतं. त्या प्रेसला दोन बाजूंना दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात मध्ये राहत नाही. एक हात मागे राहिला की मशीन हलत नाही. पंधरा दिवस त्याचा प्रेस मध्येच थांबत होता आणि हा सांगत होता, बटण खराब आहे. मेंटेनन्सवाल्यांनी दोनदा उघडून बघितलं होतं. सुपरवायझरला माझी पोस्ट वाचून उलगडा झाला.

त्याच दुपारी त्याला पॅकिंगला टाकलं. मेंटेनन्सवाले येता-जाता विचारायचे, "काय भाऊ, बटण झालं का बरं?"

सुपरवायझरचं चुकलं नाही, दुखऱ्या हाताने प्रेस चालवू नये. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. पण मी त्याची काळजी म्हणून लिहिलं नव्हतं ना. मी शायनिंग मारायला लिहिलं होतं.

पोस्ट डिलीट केली. पुढच्या गुरुवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. सॉरी म्हणालो, दोनदा. त्याने दुसरा कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. त्याने म्हातारीच घेतली. ती पडली, अर्धी छत्री उघडून कडेला लोंबकळली. मी लांबच उभा राहिलो, तिला वर येऊ दिलं. पुढच्या वेळीही.

त्याने गेम थांबवला.

"सगळ्या कंपनीला सांगितलंस आन् आता दया दाखवतोस व्हय?" तो म्हणाला. "कडेला ये. मार."

पुढच्या वेळी मी कडेला गेलो आणि मारलं. म्हातारी खाली गेली.

"परत लाव," तो म्हणाला आणि मनगट चोळायला लागला. बाही वर होती, आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी स्क्रीनकडेच बघत राहिलो.